खुडूक कोंबडी आणि तिच्याकडून पिल्लांचे संगोपन

अंडी घालणे थांबवून ती उबवण्यासाठी घरट्यात ठाण मांडणाऱ्या कोंबडीला खुडूक कोंबडी म्हणतात. तिच्याखाली फलित अंडी ठेवायची आणि त्यांतून निघालेली पिल्ले तिच्याच हवाली करायची, ही कोंबडीपालनातली जुनी रीत आहे. उबवणयंत्रे आणि ऊब देणारे दिवे आल्यावर व्यावसायिक कुक्कुटपालनातून ती गेली. लहान, घरगुती कळपांत टिकली. यंत्राशी तिची तुलना होते तेव्हा बहुधा अंडी उबवण्याचे २१ दिवसच मोजले जातात. ते काम यंत्रही उत्तम करते. पिल्लू बाहेर आल्यानंतर कोंबडी जे करते, त्याला मात्र दिवा पुरा पडत नाही.

खुडूकपणा हा आजार नव्हे. दिवस मोठे होऊ लागले, घरट्यात अंडी साठली, त्यांचा छातीला सतत स्पर्श होऊ लागला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक स्रवते. अंडाशय आक्रसते आणि अंडी बंद होतात. कोंबडी पिसे फुलवून पसरून बसते, कोणी जवळ गेले की गुरगुरते, चोच मारते. छातीखालची पिसे झडतात किंवा ती स्वतःच उपटते, त्यामुळे उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते. दिवसातून साधारण एकदा, पाव ते अर्धा तास ती उठते. तेवढ्यात दाणापाणी, धुळीत लोळणे आणि एक भलीमोठी, विलक्षण दुर्गंधीची विष्ठा! ती पाहून नवखा पाळणारा धास्तावतो. पण दिवसभराची घाण घरट्याबाहेर टाकण्याची ही तिची रीत आहे. या काळात तिचे वजन उतरते, तेही अपेक्षितच.

हा गुण आनुवंशिक आहे. व्हाइट लेगहॉर्नसारख्या अंड्यांसाठी घडवलेल्या जातींतून तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ काढून टाकला गेला, कारण खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. सिल्की, कोचीन, असील अशा जातींत तो अजून शाबूत आहे.

रानात कोंबडी एकेक करून अंडी घालते आणि पुरेशी साठल्यावरच बसते. तोवर थंड अंड्यांतील गर्भाची वाढ थांबलेली असते, म्हणून आधीची आणि नंतरची अंडी एकाच सुमारास फुटतात. पाळणाऱ्याला याचेच अनुकरण करावे लागते. फलित अंडी थंड जागी, शक्यतो आठवड्याच्या आतली, जमवून एकाच वेळी खाली घालायची. त्याआधी एक-दोन रात्री खोट्या अंड्यांवर कोंबडीची चिकाटी पाहावी. तिला हलवायचे असेल तर रात्रीच हलवावे. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडे धाव घेते. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबड्यांनी मध्येच घातलेली अंडी ओळखून काढता येतात.

मध्यम आकाराच्या कोंबडीला ८ ते १२ अंडी पुरे. जास्त घालण्याचा मोह नडतो. कोंबडी अंडी सतत फिरवते, कडेची आत आणि आतली कडेला नेते. त्यामुळे जागा अपुरी असली तर कडेची दोन-चारच अंडी वाया जातात असे होत नाही. पाळीपाळीने सगळीच गारठतात. सातव्या ते दहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागे दिवा धरून वांझ अंडी निवडून काढतात. उवा आणि गोचीड-कुळातल्या रक्तपिपासू लाल किडी बसलेल्या कोंबडीवर फार माजतात, तेव्हा त्यांचा बंदोबस्त बसवण्याआधीच करावा.

शेवटच्या एक-दोन दिवसांत अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हळू आवाजात उत्तर देते. या वेळी माणसाने लांब राहावे. अडकलेले वाटणारे पिल्लू सोलून काढू नये; कवचाच्या आतल्या पडद्यातील रक्तवाहिन्या अजून आटलेल्या नसल्या तर ते रक्तस्रावाने मरते. बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, म्हणून पहिले दोन दिवस त्याला दाणा मिळाला नाही तरी चालते आणि मागे राहिलेल्या अंड्यांसाठी कोंबडी बसून राहू शकते. नंतर मात्र ती उठतेच, आणि उशिरा फुटणारी अंडी मागेच राहतात.

यापुढची शिकवणी सर्वांत पाहण्यासारखी. दाणा सापडला की कोंबडी भरभर टुकटुक करत तो उचलते आणि पुन्हा खाली टाकते. पिल्ले धावत येऊन टिपतात. खाण्याजोगे काय, ते अशा रीतीने कळते. ब्रिस्टल विद्यापीठात क्रिस्टीन निकोल आणि सहकाऱ्याने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आपल्याला बेचव म्हणून ठाऊक असलेल्या रंगाचे खाद्य पिल्ले टिपताना दिसली तेव्हा कोंबड्यांनी टोचणे-उकरणे वाढवले. घार दिसल्यावरची हाक वेगळी आणि मांजर दिसल्यावरची वेगळी. त्या ऐकून लपणे किंवा जागीच थिजणे पिल्लांच्या अंगवळणी पडते.

ऊब देण्यातही फरक आहे. दिव्याखालच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि अनेकदा रात्रंदिवस उजेड मिळतो. एक झोपू पाहते तर दुसरे त्याला टोचते. कोंबडी पिल्लांना एकाच वेळी पंखांखालच्या अंधारात घेते आणि एकाच वेळी बाहेर काढते. आईखाली वाढलेली पिल्ले पुढे एकमेकांची पिसे कमी उपटतात, कमी बिचकतात असे अभ्यासांत आढळले आहे.

खाद्यात एक चूक हमखास होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते आणि ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते. आई तूर्त अंडी देत नसल्याने पिल्लांचेच खाद्य दोघांना चालते. पाण्याचे भांडे उथळ असावे, नाहीतर पिल्ले बुडतात. जमीन कोरडी हवी, कारण ओलाव्यात कॉक्सिडिओसिस हा परजीवींमुळे होणारा आतड्यांचा रोग पसरतो. शिवाय अंडी-उबवण केंद्रातील पिल्लांना पहिल्याच दिवशी मिळणारी मॅरेक या विषाणूजन्य रोगाची लस घरच्या पिल्लांना आपोआप मिळत नाही. ही या पद्धतीची खरी उणीव.

परकी पिल्लेही खुडूक कोंबडीला चालतात. दोन-तीन आठवडे बसलेल्या कोंबडीखाली रात्री, एक-दोन दिवसांची पिल्ले सरकवावीत. मोठी पिल्ले मात्र तिला आई मानत नाहीत. पहिल्या काही दिवसांत मनावर उमटणारा ठसा तोवर दुसऱ्या कशाचा तरी उमटून गेलेला असतो. बदकाची अंडीही उबवून घेता येतात. त्यांना २८ दिवस लागतात, म्हणून तिथे चिकाटीचीच कोंबडी निवडावी. पहिलटकर कोंबडी कधीकधी पिल्लांना चोचीने मारते. तिच्यावर आधी मोजकीच अंडी सोपवणे शहाणपणाचे.

पिल्ले नकोच असतील तर खुडूक कोंबडीला जाळीच्या तळाच्या, हवेशीर, उजेडातल्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवतात. छातीखालची ऊब जाते आणि ती बहुधा भानावर येते.

पाच ते आठ आठवड्यांत, पिल्लांना पुरती पिसे आल्यावर, कोंबडी त्यांना टोचून दूर करू लागते आणि पुन्हा अंड्यावर येते. उबवण धरून तिची दोन ते तीन महिन्यांची अंडी बुडालेली असतात. आईच्या आडोशाने कळपात वावरलेली पिल्ले इतर कोंबड्यांच्या ओळखीची झालेली असतात, त्यामुळे बाहेरून आणलेल्या पिल्लांइतका मार त्यांना सहसा खावा लागत नाही.