मोठी गोळी की बारीक? सव्वाशे वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी
माझ्या मामांचं पोलीस प्रशिक्षण नाशिकला, त्र्यंबक रोडवरच्या अकादमीत झालं. तेव्हा हातात थ्री नॉट थ्री रायफल असायची. फायरिंगच्या दिवशी सगळे शर्टाच्या आत रुमालाची घडी ठेवून जायचे, तरी संध्याकाळी खांदा काळानिळा. नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांनी इन्सास ही बारीक गोळीची रायफल चालवली आणि घरी येऊन म्हणाले, "हिचा धक्काच बसत नाही रे. मग समोरच्याला काय बसणार?"

रायफलची गोळी बारीक होत गेली तसतसा हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि तो गाजला हिंदुस्थानच्या सरहद्दीवरच.

१८७१ साली ब्रिटिश फौजेत मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिची गोळी सुमारे ११ मिलिमीटर जाडीची, ३१ ग्रॅम शिशाची. काळ्या दारूने गोळीचा वेग फार वाढवता येत नसे, म्हणून जोर हवा तर शिसं वाढवायचं, एवढाच मार्ग होता. मग बिनधुराची दारू आली आणि हिशेबच बदलला. थ्री नॉट थ्रीची गोळी ७.७ मिलिमीटरची, वजन निम्म्याहून कमी, वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या पुढे.

१८९५ च्या चित्रालच्या (आजच्या पाकिस्तानच्या वायव्य टोकाच्या) मोहिमेत तक्रारी सुरू झाल्या. गोळी आरपार जाते, पण अंगावर धावून येणारा माणूस थांबत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेली, अंगात शिरताच पसरणारी गोळी बनवली गेली. तिच्या जखमा इतक्या भयानक होत्या की १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. मला या सगळ्या इतिहासातलं हे पान सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण जवळच्या अंतरावर नुसता आरपार जाण्याचा जोर कामाचा नाही, हे तिथे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

पुढे १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्यात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल आली आणि नव्वदच्या दशकात ५.५६ मिलिमीटरची इन्सास. दोन्हींची काडतुसं शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. एक साधारण २४ ग्रॅमचं, दुसरं १२ ग्रॅमचं. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवानाला दुप्पट गोळ्या नेता येतात. जोर मात्र निम्म्यावर येतो.

मामांचा अंदाज इथे चुकतो. ५.५६ ची गोळी अवघी ४ ग्रॅमची, पण नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास असतो. त्या वेगात ती अंगात शिरली की आडवी होते आणि पुष्कळदा तुटते. जखम त्यामुळे मोठी होते. अंतर वाढून वेग उतरला की तीच गोळी बारीक भोक पाडून निघून जाते. शंभर मीटरच्या आत बारीक गोळी कमजोर नसते. ती कमी पडते लांबवर. नळी आखूड केली तर वेग मुळातच कमी मिळतो, हेही खरं. ७.६२ ची जड गोळी जवळून मारली तर अनेकदा सरळ पार होते आणि पलीकडेही तिच्यात जीव घेण्याइतकी ताकद उरते.

सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग रायफली मागवून पुन्हा ७.६२ कडे मोर्चा वळवला. सीमेवर लांब पल्ला हवा आणि एका गोळीत शत्रू पडायला हवा, म्हणून तो निर्णय मला पटतो. पण नाशिकच्या भद्रकालीच्या किंवा पंचवटीच्या गल्लीत उभ्या पोलिसाचं काय? तिथे लाकडी दार, पत्रा, पातळ भिंत आणि तिच्यामागे कुणाचं तरी स्वयंपाकघर. तिथे मी बारीक गोळीच्याच बाजूने आहे, आणि तीसुद्धा भिंतीतून जाऊ शकते हे धरून.

मामांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सराव संपला की आम्ही एकेक रिकामी पुंगळी मोजून जमा करायचो. गोळी कुठे गेली ते कुणी विचारायचं नाही. समोर मातीचा ढिगारा असायचा ना."