साबुदाण्यात हात घालण्याआधी बाळ कुणाकडे बघतं?

मागच्या महिन्यात लेकीला घेऊन पुण्यात एका सेन्सरी प्ले क्लासला (बाळांना स्पर्श, आवाज, रंग असं सगळं खेळातून अनुभवायला देतात तो क्लास) गेले होते, ती तेव्हा ११ महिन्यांची. पाऊण तासाचा क्लास, खाली मऊ मॅट, आठ-नऊ बाळं, बहुतेक आया आणि दोन बाबा, आणि मधोमध मोठ्या परातीत बीट घालून शिजवलेला गुलाबी साबुदाणा, गार करून ठेवलेला. लेक रांगत परातीपाशी गेली, एक बोट पुढे केलं, आणि बोट तसंच हवेत ठेवून मागे वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर त्या क्षणी काय होतं ते मला चांगलं आठवतंय, कारण अंगावर नवीन पांढरं झबलं होतं आणि माझ्या मनात बीटाच्या डागांचाच विचार होता. तिने हात मागे घेतला. शेजारची आई मात्र स्वतःच मनगटापर्यंत हात घालून बसलेली, आणि तिचा मुलगा तर परातीत बसायचाच बाकी होता.

बाळं असं का करतात यावर १९८५ साली अमेरिकेत एक फार सुंदर प्रयोग झालाय. वर्षभराच्या बाळांना एका लांब टेबलावर ठेवलं, टेबलाचा पुढचा भाग जाड काचेचा, आणि काचेखाली जमीन खोल गेल्यासारखी दिसायची. खोली मुद्दाम एवढीच ठेवली होती की बाळाला प्रश्न पडावा, जावं की नको. पलीकडे आई उभी, तिने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. आई हसरी होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली, आणि आईने घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. एकही! याला सोशल रेफरन्सिंग म्हणतात, म्हणजे नवीन काही समोर आलं की बाळ आधी आपल्या माणसाचा चेहरा वाचतं आणि मग ठरवतं. साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास हे अगदी ठळक दिसायला लागतं. मला हे वाचल्यावर तो क्लास एकदम वेगळाच दिसायला लागला, तिथे पाहिलेलं सगळं सामान, लायटिंग, रंगीत ओढण्या, साबणाचे फुगे, हे सगळं दोन नंबरला, आणि एक नंबरला मी आणि माझा चेहरा.

बाकी त्या सामानामागे पण खरं विज्ञान आहे बरं का. पोटात असताना सगळ्यात आधी जागा होतो तो स्पर्श, आठव्या आठवड्याच्या सुमारास ओठांभोवतीच्या भागापासून सुरुवात, म्हणून तर बाळ प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघतं, त्याच्यासाठी तो वस्तू ओळखायचा सगळ्यात जुना रस्ता आहे. ऐकू यायला लागतं साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून. डोळे सगळ्यात मागे, जन्मल्यावर २० ते ३० सेंटिमीटरवरचं जरा बरं दिसतं, पलीकडचं सगळं धूसर, आणि पाजताना आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. लहान बाळांच्या क्लासमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कार्डं दाखवतात ती पण म्हणूनच, नाजूक रंगांपेक्षा असा ठळक फरक त्यांना लवकर दिसतो.

पण जाहिरातीत ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, तिथे मी थांबेन. असा क्लास केला म्हणून मूल हुशार निघालं याचा ठोस पुरावा नाहीये. बरेच जण उंदरांच्या प्रयोगांचा दाखला देतात, १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला झालेले, खेळणी आणि सोबती असलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या मेंदूचं वरचं आवरण जाड झालं वगैरे. ते खरंच आहे, पण तुलना होती रिकाम्या पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या उंदराशी. त्यातून एवढंच कळतं की काहीच न मिळणं वाईट, जास्तीत जास्त मिळणं चांगलं असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि ज्या घरात कुकरच्या शिट्ट्या होतायत, आजी लसूण सोलतेय, खाली भाजीवाला ओरडतोय ते घर काही रिकामा पिंजरा नाही.

माणूस समोर असण्याने काय फरक पडतो त्याचा मला सगळ्यात आवडलेला प्रयोग भाषेचा आहे. आपल्याला ‘त’ आणि ‘ट’ मधला फरक सांगावा लागत नाही, ताट म्हटलं की दोन्ही आले. मोठ्या इंग्रजी माणसाला मात्र तो ऐकूच येत नाही नीट. १९८४ मध्ये कॅनडात तपासलं तर इंग्रजी घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज वेगळे कळत होते, आणि १० ते १२ महिन्यांपर्यंत ते कळणं गेलं, कारण घरात ते कुणी बोलतच नव्हतं! पुढे २००३ मध्ये बाळं भाषा कशी शिकतात हे अभ्यासणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने अमेरिकेतल्या ९ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, १२ वेळा. ज्यांच्यासमोर खरी माणसं बसून खेळत, पुस्तक दाखवत बोलली ती बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. ज्यांना तीच माणसं, तसंच बोलणं टीव्हीवर दाखवलं ती शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटना एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको म्हणते, ते का हे मला इथे नीट समजलं.

आणि मालीश! आमच्याकडे मावशी यायच्या, पाय लांब करून बसायच्या, नडगीवर टॉवेल, त्यावर लेक उताणी, कोमट तेलाचा हात सावकाश मांडीपासून पावलापर्यंत जायचा आणि नजर पूर्ण वेळ बाळाच्या तोंडाकडे. लेकीने मान फिरवली की हात थांबायचा. आपल्या केसाळ त्वचेत (तळहात सोडून) काही खास मज्जातंतू असतात, सी-टॅक्टाइल नावाचे, ते सगळ्यात जास्त जागे होतात सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर एवढ्या संथ स्पर्शाला, आणि तोही अंगाइतका उबदार असेल तर. घाईघाईत चोळलं तर ते तेवढे बोलत नाहीत. मायामीत १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना १० दिवस रोज ३ वेळा १५ मिनिटं मालीश दिली, तर त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. फक्त नाकाकानात तेल घालायचं नाही, ते मी मावशींना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि त्यांनी ऐकलं.

मावशींचं ते थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळ मान फिरवतं, जांभई देतं, बोटं ताणतं, उचकी लागते, हे बरेचदा ‘आता पुरे’ असतं. क्लासमध्ये पैसे भरलेत म्हणून रडणाऱ्या बाळाला परत परत लाइटसमोर नेणारे पालक मी पाहिले, वाईट वाटलं. पाऊण तासातली दहा मिनिटंच बाळ रमलं तर दहा मिनिटं, बाकी वेळ कडेवर घेऊन बसा, बाकीच्या आयांशी बोला. मला तर त्या गप्पांची खरंच गरज होती, सहा महिने घरात बाळाशीच बोलत होते मी.

एक गोष्ट मात्र घरी अजिबात आणू नका, पाण्यात टाकल्यावर फुगणारे ते रंगीत जेलचे मणी. बाळाने एक गिळला तर तो आतड्यात जाऊन फुगतो आणि रस्ता बंद करतो, ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. कच्ची डाळ, राजमा, शेंगदाणे पण नकोत, घशात अडकतात.

पुढच्या आठवड्यात मी घरीच साबुदाणा शिजवला, बीट किसून घातलं, बाल्कनीत जुनी चादर अंथरली आणि लेकीला नुसत्या डायपरवर बसवलं. तिने बोट पुढे केलं आणि माझ्याकडे बघितलं, तोवर माझे दोन्ही हात परातीत होते. मग तिने मूठभर उचलला, जरा वेळ मुठीकडे बघत बसली, आणि तो चिकट गुलाबी गोळा माझ्या तोंडाला लावला.