ऑडिटची फी आणि ऑडिटचे तास

“ऑडिट दरवर्षीचंच, मग यंदा फी का वाढली?” मार्च संपला की आम्हा सीएंना अशिलांचा हा फोन येतोच. एकदा लिहूनच द्यावं म्हटलं.

फी म्हणजे मुख्यतः माणसांचे तास. आर्टिकल, म्हणजे हाताखाली शिकणारी सीएची मुलं, किती दिवस बसतील, भागीदार स्वतः किती पाहतील, हे काम सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. त्यात उलाढालीपेक्षा चूक किंवा लबाडी कुठे दडू शकते, हे महत्त्वाचं. समजा, दोन कंपन्यांची उलाढाल आठ-आठ कोटी. एक जॉबवर्क करते, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर काम करून देते. गिऱ्हाईकं चारच, पैसे सगळे बँकेतून. दुसरीची तीन गोदामं, रोखीची विक्री, संचालकांच्या नातेवाइकांना दिलेली उचल, शिवाय कॅश क्रेडिटच्या (साठा आणि येणं तारण ठेवून घेतलेल्या चालू कर्जाच्या) नूतनीकरणासाठी बँक ताळेबंदाची वाट पाहतेय. अशा वेळी नफा आणि साठा थोडा फुगवावासा वाटू शकतो. म्हणून दुसरीकडे साठा मोजताना आम्ही हजर राहतो, येणेकऱ्यांना, म्हणजे ज्यांच्याकडून कंपनीला पैसे यायचेत त्यांना, थेट पत्रं पाठवतो, मार्चअखेरच्या नोंदी एकेक उघडतो.

फी फारच ओढून धरली की ऑडिटरलाही मोह होतो: गेल्या वर्षीचाच आराखडा पुढे ढकलायचा, चाळीसऐवजी पंधरा व्हाउचर पाहायची. आमच्या व्यवसायातलं हे जुनं दुखणं आहे. पण फी कमी म्हणून तपासणी कमी, अशी सूट लेखापरीक्षण मानकांत नाही. जोखीम वाढलेली असेल तर आम्ही जास्त तास मागतो. ते जमत नसेल तर काम घेत नाही.

बँकेकडून थेट शिलकीचं पत्र मागवलं की काहींना राग येतो. स्टेटमेंट दिलंय ना! 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेल्या शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये नव्हतेच. कागद कंपनीकडूनच आला तर तो पुरावा म्हणून कच्चा, एवढंच.

तास कमी करणं बरंचसं तुमच्या हातात आहे. वह्यांतल्या नोंदींची बँक स्टेटमेंटशी जुळवणी झालेली, 31 मार्चची साठ्याची यादी सही केलेली, कर्जाची पत्रं एका फाइलीत, एवढं असलं तरी पुष्कळ. कंपनी असेल तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याची आपोआप राहणारी नोंद) बंद करू नका. बंद दिसला तर अहवालात लिहावंच लागतं. आणि जुलैत या. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या गर्दीत आमचीच दमछाक होते.

यंदा फीच्या पत्रासोबत तासांचा तक्ता जोडलाय. कोणती कागदपत्रं वेळेत मिळाली तर कुठले तास वाचतील, ते त्यात लिहिलंय. बँकेच्या पत्राची ओळ मात्र खोडता येणार नाही.