रक्तात विषाणू दिसत नाही, तरी गोळी का? : टॅट प्रथिनाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळणाऱ्या केंद्रात, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडूनही माणसं औषध न्यायला येतात. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, की गोळी कशाला चालू ठेवायची, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर टॅट नावाच्या एका चिमुकल्या प्रथिनात दडलेलं आहे.

एचआयव्ही आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि त्यांच्या आरएनए प्रती पेशीच्याच यंत्रणेकडून काढून घेतो. विषाणूची प्रथिनं अशी जनुकं चालू करतात, हे ॲडिनोव्हायरस या दुसऱ्या एका विषाणूमध्ये १९७९ साली दिसलं होतं. त्याचं ई१ए जनुक बिघडवलं, तर इतर जनुकंही गप्प राहत. १९८५ मध्ये अमेरिकेत सोड्रोस्की, हॅसेल्टाइन आणि सहकाऱ्यांना एचआयव्हीतही असंच काहीतरी सापडलं. तेच टॅट.

पण टॅटची तऱ्हा न्यारी निघाली. अशी प्रथिनं सहसा डीएनएपाशी काम करतात. टॅट मात्र नुकत्याच बाहेर पडणाऱ्या आरएनएच्या टोकाला, 'टार' नावाच्या वळशाला चिकटतं. टॅट नसेल तर प्रतिलेखन, म्हणजे आरएनए प्रत काढणं, सुरू होतं, पण थोडं अंतर जाऊन थांबतं, हे १९८७ मध्ये कळलं. ते पुढे कसं सरकतं, हे उमगायला १९९८ उजाडलं. कॅथरीन जोन्स यांच्या गटाने दाखवलं, की टॅट पेशीतलं सायक्लिन टी१ हे प्रथिन ओढून आणतं. त्याचा जोडीदार सीडीके९ हे विकर आरएनए प्रत काढणाऱ्या पॉलिमरेजवर फॉस्फेट चढवतो आणि अडकलेली प्रत पूर्ण होते. उंदराच्या सायक्लिन टी१मध्ये मोक्याच्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळं आहे, तेवढ्यानं टॅटचं काम अडतं!

टॅटमुळे आणखी टॅट बनतं. सुरुवातीलाच ते कमी पडलं, तर विषाणू पेशीत निपचित पडून राहू शकतो. उपचार घेणाऱ्यांच्या शरीरात अशा पेशी टिकून असतात, हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. आजच्या गोळ्या नव्या पेशींना होणारी लागण रोखतात. डीएनएत आधीच शिरलेल्या जनुकांना त्या हात लावत नाहीत. गोळी थांबली, की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परततो. म्हणून रिपोर्ट कितीही चांगला आला, तरी कृपा करून गोळी सोडू नका.

टॅटलाच रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०१७ मध्ये मानवी प्रतिकारपेशी बसवलेल्या उंदरांना नेहमीच्या औषधांसोबत टॅटविरोधी रसायन दिलं गेलं. उपचार थांबवल्यावर त्यांच्यात विषाणू उशिरा परतला.