चुका जास्त नोंदवणारा वॉर्ड

“त्या दवाखान्यात कधी चूक होतच नाही, डॉक्टरांच्या हाताला यश आहे.” अक्कलकोट-पंढरपूरपासून पार विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे पेशंट सोलापुरात येतात, आणि दवाखाना निवडताना हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. मला ते ऐकलं की धास्ती वाटते.

1996 साली अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या वॉर्डात सगळ्यांचं चांगलं जमतं तिथे चुका कमी, अशी त्यांची अटकळ होती. निघालं उलटंच. चांगल्या वॉर्डांच्या नोंदीत चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला: तिथली माणसं चूक झाली की बोलत होती, इतर ठिकाणी ती झाकली जात होती.

समजण्यापुरते आकडे घेऊ. एका वॉर्डात 20 चुका होतात, पण दहातली एकच सांगितली जाते, नोंद 2. दुसऱ्यात 10 होतात आणि आठ सांगितल्या जातात, नोंद 8. कागदावर दुसरा वॉर्ड चौपट वाईट, प्रत्यक्षात निम्म्या चुकांचा.

आता न बोलण्यामागचं गणित बघा, मला सगळ्यात रस त्यातच आहे. समजा, सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या एका विडी कामगार आजींचं सकाळी ऑपरेशन आहे. डॉक्टर मराठीत विचारतात, “उपाशीपोटी आहात ना?” आजी मान हलवतात. ट्रॉली ढकलणाऱ्या मावशीला मात्र त्या तेलुगूत सांगून बसतात, की पहाटे बीपीच्या गोळीबरोबर कपभर दुधाचा चहा घेतलाय. पाणी किंवा बिनदुधाचा चहा भुलेआधी 2 तासांपर्यंत चालतो; दूध पडलं की 6 तास थांबावं लागतं. कारण भुलेत खोकल्याची आणि गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत उतरू शकतं.

मावशी हे सरांना सांगेल? सांगितलं तर ऑपरेशनची लिस्ट लांबणार आणि “तू डॉक्टर आहेस का?” हे आत्ताच्या आत्ता ऐकावं लागणार. गप्प राहिली तर कदाचित काहीच होणार नाही, झालंच तर ते दुसऱ्याला. बोलण्याची किंमत नक्की आणि ताबडतोब, गप्प बसण्याची अनिश्चित आणि परक्याच्या खात्यावर. तिला भित्री म्हणण्यात अर्थ नाही. आडवा धागा तुटला की यंत्रमाग थांबतो, आणि त्याला कुणी ‘का थांबलास’ म्हणून झापत नाही, माणसाला झापतात.

2006 साली इंग्रिड नेम्भार्ड आणि एडमंडसन यांनी नवजात बाळांचे 23 अतिदक्षता विभाग तपासले. हुद्दा जितका खालचा, तितकं बोलणं जोखमीचं वाटत होतं. पण वरिष्ठ मुद्दाम मत विचारत, सांगणाऱ्याचे आभार मानत, तिथे ही दरी कमी होती. संख्याशास्त्राच्या भाषेत ही परस्परक्रिया: हुद्दा या चलाचा परिणाम नेतृत्व या दुसऱ्या चलाच्या पातळीनुसार बदलतो. म्हणजे एकाच पगाराची, एकाच शिक्षणाची नर्स एका विभागात बोलते आणि दुसऱ्यात गप्प राहते.

म्हणून ‘धाडसी व्हा’ असं नर्सला शिकवणाऱ्या कार्यशाळांवर माझा फारसा विश्वास नाही. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारावरच्या लिंबू-मिरचीवर नाही तसाच. डॉक्टरी धाडस म्हटलं की सोलापूरकरांना 1938 मध्ये युद्धातल्या चीनमध्ये गेलेले आपले डॉ. कोटणीस आठवतात. इथे लागतं ते धाडस घरगुती आहे, पण ते सरांनीच दाखवायचं: सगळ्यांसमोर “हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंस” म्हणायचं.

नुसत्या फॉर्मने हे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-यादी, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी एकेक गोष्ट तपासून टिकमार्क करायची यादी, दिल्लीसह 8 शहरांतल्या रुग्णालयांत वापरली तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. हा अभ्यास 2009 चा. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तशी यादी सक्तीची झाली. 101 रुग्णालयांचे आकडे 2014 मध्ये आले, आणि मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. टिकमार्क करणं सोपं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. उत्तम. पण तोवर पेशंटला भूल दिलेली असते, आणि चहाची गोष्ट ठाऊक असलेली मावशी ट्रॉली सोडून ओटीच्या दारातूनच परतलेली असते. आपल्याकडे, जिथे अर्धा वॉर्ड तेलुगू-कन्नडमध्ये बोलतो, तिथे भूलतज्ज्ञांनी दारातच तिला विचारावं: “मावशी, आजी काही म्हणाल्या का?”