ताकद व फिरकी देणारी टेनिस रॅकेट

कमी श्रमांत चेंडूला अधिक वेग मिळावा आणि त्याच फटक्यात त्याला पुढच्या दिशेने फिरवून रेषेच्या आत उतरवता यावे, या दुहेरी हेतूने बांधलेली टेनिसची रॅकेट. डोक्याचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस इंच (६४५ चौ. सेंमी.), तार न लावता वजन सुमारे ३०० ग्रॅम, फ्रेमची जाडी २३ ते २६ मिमी. आणि १६ उभ्या व १९ आडव्या तारांची विरळ वीण ही तिची प्रचलित मापे होत. नियंत्रणाची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॅकेटचे डोके बहुधा ९५ ते ९८ चौरस इंचांचे, फ्रेम अधिक बारीक व लवचिक आणि वीण पुष्कळदा १८ उभ्या व २० आडव्या तारांची, म्हणजे दाट असते. छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड येथे नव्याने कोर्टावर येणाऱ्या खेळाडूच्या हाती बहुधा पहिल्या प्रकारची रॅकेट पडते, कारण हात पुरता तयार झालेला नसतानाही ती चेंडू खोलवर पोचवते.

खरेदीच्या वेळी ताकद आणि फिरकी हे दोन वेगळे गुण म्हणून सांगितले जातात. कोर्टावर मात्र ते एकमेकांवाचून अपुरे ठरतात. फिरकी नसलेली ताकद चेंडूला मागच्या रेषेबाहेर नेते. ताकद नसलेली फिरकी प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात आखूड आणि सोपा चेंडू टाकते. या रॅकेटचे गुणदोष समजून घ्यायचे तर हे परस्परावलंबन सतत ध्यानात ठेवावे लागते.

लाकडी रॅकेटचे डोके ६५ ते ७० चौरस इंचांचे असे. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड यांच्या रचनेनुसार मोठ्या डोक्याची प्रिन्स रॅकेट बाजारात आली आणि १९८७ च्या विल्सन प्रोफाइलने रुंद, ताठ फ्रेमचे युग सुरू केले. फ्रान्समधील लियों येथे १८७५ पासून तारा बनवणाऱ्या बाबोला या कंपनीने १९९४ मध्ये प्युअर ड्राइव्ह ही रॅकेट आणली. तिने ताठ फ्रेम, १०० चौरस इंचांचे डोके आणि ३०० ग्रॅम वजन यांचा जो मेळ घातला, तोच आज या प्रकाराचा नमुना मानला जातो. कार्लोस मोया याने १९९८ ची फ्रेंच ओपन स्पर्धा याच रॅकेटने जिंकली. पुढे हवा कापणाऱ्या आकाराच्या फ्रेमची एअरो मालिका निघाली. २००५ ते २०२२ या काळात फ्रेंच ओपन चौदा वेळा जिंकणाऱ्या राफाएल नदालमुळे ती जगभर पोचली. मात्र तितकीच मोठी क्रांती तारेत झाली होती. १९९७ मध्ये गुस्तावो कुएर्तेन याने लक्झिलॉन या कंपनीच्या पॉलिएस्टर तारेने खेळून फ्रेंच ओपन जिंकली, आणि त्यानंतर काही वर्षांतच व्यावसायिक खेळाडूंच्या रॅकेटांत ही तार सर्वत्र दिसू लागली.

ताकद कोठून येते

चेंडू आणि तारा यांचा स्पर्श जेमतेम पाच सहस्रांश सेकंद टिकतो. एवढ्या अवधीत लवचिक फ्रेम मागे वाकते, पण ती सरळ होण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे वाकण्यात गेलेली ऊर्जा चेंडूला परत मिळत नाही. ताठ आणि जाड फ्रेम मुळात कमी वाकते, म्हणून ती ऊर्जा वाचते. या रॅकेटची ताकद म्हणजे नव्याने निर्माण झालेली शक्ती नव्हे, तर वाया न गेलेली शक्ती होय.

तारांचेही असेच आहे. ताणलेली तार आपल्यात साठलेली बहुतेक ऊर्जा परत करते. चेंडू मात्र करत नाही. नियमानुसार २५४ सेंमी. उंचीवरून टणक पृष्ठभागावर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंमी. पर्यंतच उसळावा लागतो, म्हणजे ५३ ते ५८ टक्के ऊर्जाच परत येते आणि उरलेली चेंडू दबण्यात जाते. तारा सैल असतील तर त्या अधिक दबतात, चेंडू कमी दबतो आणि एकूण नुकसान घटते. सैल विणलेल्या बाजेवर पडलेली वस्तू जशी आत रुतून वर फेकली जाते, तसा चेंडू सैल तारांतून सुटतो. मोठ्या डोक्यातील लांब तारा आणि विरळ वीण यांचाही परिणाम याच दिशेने होतो. डोके रुंद असल्याने फटका मध्यापासून थोडा सरकला तरी रॅकेट हातात फारशी वळत नाही, आणि हौशी खेळाडूला याचाच सर्वांत मोठा लाभ होतो.

फिरकीची घडण

समोरून आलेला चेंडू टप्पा पडल्यावर पुढच्या दिशेने फिरत असतो. त्याला आपल्याकडून टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) देऊन परतवायचे म्हणजे त्याचे फिरणे आधी थांबवून उलट्या दिशेने सुरू करायचे, आणि हे काम त्याच पाच सहस्रांश सेकंदांत व्हावे लागते. त्यासाठी रॅकेट चेंडूच्या खालून वर वेगाने यावी लागते. ३०० ग्रॅमची रॅकेट जड रॅकेटपेक्षा अधिक वेगाने फिरवता येते, आणि वर चढत जाणाऱ्या फटक्यात चेंडू फ्रेमला लागण्याचा धोका मोठ्या डोक्यामुळे कमी होतो. नदालच्या फोरहँडची सरासरी फिरकी मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे एवढी मोजली गेली आहे. ती मूलतः त्याच्या हाताच्या वेगाची आहे. रॅकेटने त्या वेगाला वाट दिली. फ्रेम स्वतःहून फिरकी देत नाही, हे या रॅकेटविषयी सर्वांत आधी सांगायला हवे आणि नेमके हेच बहुधा सांगितले जात नाही.

तारांचा वाटा मात्र खरा आहे. खडबडीत तार चेंडूला पकडते म्हणून फिरकी मिळते, असा समज दीर्घकाळ होता. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी घेतलेल्या चित्रणात वेगळेच दिसले. फटक्याच्या वेळी उभ्या तारा चेंडूबरोबर बाजूला सरकतात आणि तो सुटण्याच्या क्षणी झटक्याने जागेवर येताना त्याला आणखी फिरवतात. यासाठी तार तारेवरून सहज घसरली पाहिजे. पॉलिएस्टर तार गुळगुळीत व कडक असल्याने घसरते. नायलॉनच्या मऊ तारेत मात्र छेदबिंदूंवर खाचा पडतात आणि ती अडकून राहते. १६ × १९ ची विरळ वीण या सरकण्याला अधिक वाव देते.

घसरणाऱ्या तारांची ही किमया टेनिसने आधी एकदा पाहिली होती. १९७७ मध्ये एक्स-आं-प्रोव्हान्स येथे इली नस्तासे याने एकमेकींत न गुंफलेल्या दुहेरी तारांच्या रॅकेटने गिलेर्मो विलास याच्याविरुद्ध अंतिम सामना खेळला. चेंडूच्या विचित्र उसळीला कंटाळून विलासने दोन सेटनंतर सामना सोडला आणि त्याची दीर्घ विजयमालिका तेथे खंडित झाली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने अशा रॅकेटवर बंदी घातली. तारा एकाआड एक गुंफलेल्या किंवा छेदबिंदूंवर जोडलेल्या असाव्यात, असा नियम झाला. पॉलिएस्टरने नंतर तेच सरकणे नियमाच्या चौकटीत राहून साधले.

फिरणाऱ्या चेंडूवर हवेचा दाब वरून अधिक व खालून कमी पडतो आणि तो लवकर खाली वळतो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. जाळीची उंची मध्यभागी ०.९१४ मी. आणि कोर्टाची पूर्ण लांबी २३.७७ मी. असते. सपाट मारलेल्या वेगवान चेंडूला या दोन मर्यादांमधून जाण्यासाठी अरुंद वाट मिळते. टॉपस्पिनचा चेंडू जाळीवरून बराच उंच जाऊनही आत पडतो, त्यामुळे पूर्ण ताकदीने मारण्याची मुभा मिळते.

कोर्टावरील वर्तन

मागच्या रेषेवरून खेळताना ही रॅकेट सर्वाधिक शोभते. सेमी-वेस्टर्न पकडीने (दांडा किंचित खालून धरून) खालून वर मारलेला फोरहँड उंच जातो, खोल पडतो आणि टप्प्यानंतर प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यापर्यंत उसळतो. दोन हातांच्या बॅकहँडलाही तिची ताठरता मानवते. धावत जाऊन कसाबसा गाठलेला चेंडूही ती खोलवर परत पाठवते, म्हणून बचावाच्या खेळात ती मोठा आधार असते. दुसऱ्या सर्व्हिसवर तिचा फायदा विशेष जाणवतो: किक सर्व्हिस (टॉपस्पिन दिलेली सर्व्हिस) जाळीवरून सुरक्षित उंचीने जाते आणि उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्याच्या बॅकहँडकडे उंच उसळते.

जाळीजवळ चित्र बदलते. व्हॉलीसाठी (टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्यासाठी) रॅकेट नुसती समोर धरली तरी चेंडू जोरात परततो, पण तो हळुवार टाकायचा असेल तर ताठ फ्रेम आणि उसळत्या तारा अडचण करतात. ड्रॉप शॉटमध्ये, म्हणजे जाळीपलीकडे अलगद टाकायच्या फटक्यात, चेंडू हवा त्यापेक्षा लांब पडतो. विरळ विणीतून चेंडू अधिक वरच्या कोनात सुटत असल्याने बॅकहँड स्लाइस (उलटी फिरकी दिलेला फटका) अनेकदा तरंगत जातो आणि आक्रमणाला आमंत्रण देतो. सपाट मारणाऱ्या, विशेषतः जुन्या पद्धतीच्या कॉन्टिनेन्टल पकडीने (हातोडा धरावा तसा दांडा धरून) खेळत आलेल्या ज्येष्ठ खेळाडूला ही रॅकेट बेभरवशाची वाटते, आणि त्याची तक्रार रास्त असते. त्याच्या फटक्यात या ताकदीला आवर घालणारी फिरकी नसते.

मराठवाड्यातील हवा व मैदाने

चेंडूच्या उसळीची चाचणी नियमानुसार सुमारे २० अंश सेल्सिअस तापमानाला घेतली जाते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांपुढे जाते आणि संध्याकाळचा सराव सुरू होतो तेव्हाही कोर्ट तापलेलेच असते. उष्णतेने चेंडूतील हवेचा दाब वाढतो, रबर अधिक उसळते आणि तारा किंचित सैलावतात. याशिवाय २० अंशांच्या मानाने ४० अंशांची हवा सहा ते सात टक्के विरळ असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मी. आणि लातूर सुमारे ६३० मी. उंचीवर असल्याने मुंबईच्या तुलनेत तेथे हवेची घनता मुळातच पाचसहा टक्के कमी भरते. विरळ हवेत चेंडूचा वेग कमी घटतो आणि फिरकीमुळे त्याचे खाली वळणेही कमी होते. दोन्ही परिणाम चेंडूला लांब नेणारे आहेत. १,२१९ मी. पेक्षा अधिक उंचीसाठी नियमांत वेगळा चेंडू आहे, परंतु तेवढ्या उंचीवर येथील एकही शहर नाही; त्यामुळे नेहमीचाच चेंडू वापरून हा फरक खेळाडूला तारांच्या ताणातून भरून काढावा लागतो.

म्हणूनच मुंबईत रेषेच्या आत पडणारा फटका छत्रपती संभाजीनगरातील गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात मे महिन्यात वीतभर बाहेर गेला, तर दोष लगेच हाताला देऊ नये. उन्हाळ्यात ताण दोनतीन पौंडांनी वाढवणे हा सोपा उपाय आहे. डिसेंबर-जानेवारीत उलट घडते. परभणीत पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते तेव्हा चेंडू मंद होतो, पॉलिएस्टर तार फळीसारखी लागते आणि ताण तेवढाच कमी करावा लागतो.

कोरड्या ऋतूतील धूळ आणि लाल मातीच्या कोर्टावरचे कण तारांच्या छेदबिंदूंत शिरून त्या झिजवतात, त्यांचे घसरणे बिघडवतात आणि तार लवकर तुटते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, म्हणून मुरमाचा पुरेसा भराव न घालता बांधलेल्या हार्ड कोर्टाला भेगा पडतात आणि तेथे चेंडू वेडावाकडा उसळतो. अशा उसळीवर फटका मध्याबाहेर बसणे अटळ असते आणि मोठे डोके तेथे उपयोगी पडते.

तार, ताण व हात

या रॅकेटचा सर्वांत गंभीर दोष हाताशी निगडित आहे. जी ताठरता ऊर्जा वाचवते, तीच फटक्याचा धक्का मनगट व कोपराकडे अधिक पोचवते. त्यात कडक पॉलिएस्टर तार भरली तर कोपराच्या बाहेरील बाजूच्या स्नायुबंधावर ताण येऊन टेनिस एल्बोचे दुखणे जडू शकते. दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या विजेत्याची रॅकेट, त्याच तारेसह आणि चढ्या ताणासह, बारा वर्षांच्या मुलाच्या हाती देणे ही हौस समजण्याजोगी असली तरी घातक आहे. त्या वयात हाताचा वेग पॉलिएस्टर तार सरकवण्याइतका नसतो, त्यामुळे फिरकीचा लाभ मिळत नाही आणि धक्का मात्र पूर्ण मिळतो. मुलांसाठी २५० ते २८५ ग्रॅमची हलकी रॅकेट व मऊ नायलॉनची तार योग्य होय. प्रौढ हौशी खेळाडूने उभ्या तारा पॉलिएस्टरच्या आणि आडव्या नायलॉनच्या असे मिश्र गटिंग (रॅकेटमध्ये तारा भरणे) करून घ्यावे. पूर्ण पॉलिएस्टर हवीच असेल तर ताण ४५ ते ५२ पौंडांच्या, म्हणजे सुमारे २० ते २४ किलोग्रॅमच्या दरम्यान ठेवणे बरे.

पॉलिएस्टर तार तुटण्याच्या बरीच आधी निकामी होते. तिचा ताण पहिल्या काही तासांच्या खेळातच झपाट्याने उतरतो आणि पुढे ती जागेवर परत येण्याची चपळता गमावते. गटिंगची सोय घराजवळ नसलेल्या तालुक्याच्या गावी तार तुटेपर्यंत खेळत राहण्याकडे कल असतो. त्यापेक्षा लवकर न मरणारी मऊ तार पत्करणे शहाणपणाचे ठरते. तापलेल्या गाडीच्या डिकीत रॅकेट ठेवल्यास ताण आणखी वेगाने उतरतो. चेंडू सुटताना उभ्या तारा बाजूलाच अडकून राहत असतील आणि प्रत्येक गुणानंतर त्या बोटांनी सरळ कराव्या लागत असतील, तर त्या घसरणे थांबलेल्या आहेत आणि गटिंग बदलण्याची वेळ आली आहे.