ब्रिटनमधील लॉबिंग: नोंदवहीत कोण आहे आणि कोण नाही

सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्यासाठी सत्तेतल्या माणसांना गाठणे म्हणजे लॉबिंग, आणि ते करणारा तो लॉबिस्ट. मार्च २०२१मध्ये ब्रिटनच्या लॉबिस्ट नोंदणी अधिकाऱ्यांनी माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांची चौकशी केली आणि त्याच महिन्यात फाइल बंद केली. ग्रीनसिल कॅपिटल या वित्तकंपनीला कोविडकाळातल्या सरकारी अर्थसाह्याच्या योजनेत जागा मिळावी, म्हणून कॅमेरॉन यांनी आदल्या वर्षी अर्थमंत्री ऋषी सुनक आणि अर्थखात्याचे स्थायी सचिव, म्हणजे खात्यातले सर्वोच्च सनदी अधिकारी, टॉम स्कॉलर यांना मेसेज पाठवले होते. खाली सही असे, ‘लव्ह, डीसी’. २०१४च्या लॉबिंग कायद्यानुसार ज्यांच्याशी पैसे घेऊन केलेला संपर्क नोंदवावा लागतो, ती पदे म्हणजे मंत्री आणि स्थायी सचिव. मेसेज तर थेट तिथेच गेले होते! पण कायदा आणखी एक गोष्ट विचारतो: पाठवणारा स्वतंत्र सल्लागार आहे की कंपनीचा माणूस? कॅमेरॉन ग्रीनसिलचे कर्मचारी ठरले, त्यामुळे त्यांनी नोंदणी करण्याचा प्रश्नच आला नाही. अर्थखात्याने कंपनीची मागणी मान्य केली नाही, ८ मार्च २०२१ रोजी कंपनी कोलमडली आणि संसदेच्या अर्थसमितीने कॅमेरॉन यांच्या विवेकबुद्धीवर कडक ताशेरे ओढले. नियम मात्र मोडलेला नव्हता. तो कायदाही त्यांच्याच सरकारने केलेला.

असा कायदा कसा तयार झाला, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते. १६९५ साली कॉमन्स या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे स्पीकर सर जॉन ट्रेव्हर यांनी एका विधेयकासाठी लंडन शहराच्या कारभाऱ्यांकडून १,००० गिनी घेतल्याचे उघड झाले. ‘स्पीकर दोषी आहेत’ हा ठराव मताला टाकण्याची पाळीही अध्यक्षस्थानी बसलेल्या ट्रेव्हर यांच्यावरच आली. पाठोपाठ ईस्ट इंडिया कंपनीने सनदेसाठी दरबारात वाटलेल्या पैशांची चौकशी लागली आणि कंपनीचे सर थॉमस कुक टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत गेले. (आपल्याकडे मुंबईचा कारभार तेव्हा याच कंपनीच्या हातात होता.) त्याच वर्षी कॉमन्सने ठरवले की संसदेतल्या कामासाठी खासदाराला पैसे देऊ करणे हा गंभीर गुन्हा आहे. आधी बोभाटा, मग चौकशी, मग ठराव हा क्रम तेव्हापासून आजतागायत तसाच आहे. बैल गेला आणि झोपा केला.

जनसंपर्क हा धंदा म्हणून उभा राहिला तो पहिल्या महायुद्धानंतर. पत्रकार बेसिल क्लार्क यांनी १९२४मध्ये ब्रिटनमधली पहिली जनसंपर्क कंपनी काढली. त्याआधी डब्लिन कॅसल या आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेच्या मुख्यालयात सरकारची प्रसिद्धी त्यांच्याकडे होती. निवडलेल्या खऱ्या बातम्यांतूनच प्रचार साधायचा, ही त्यांची पद्धत. व्यवसायासाठी आचारसंहिताही त्यांनीच लिहिली. १९४८मध्ये या व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली, १९६९मध्ये कंपन्यांची संघटना म्हणजे पीआरसीए आली. दोन्हींचे सभासदत्व ऐच्छिक. हा तपशील पुढे महागात पडला.

आधुनिक प्रकरणांची सुरुवात १९९४ची. २० ऑक्टोबरला ‘द गार्डियन’ने छापले की लंडनमधल्या हॅरॉड्स या बड्या दुकानाचे मालक मोहम्मद अल फायेद यांच्यासाठी संसदेत प्रश्न विचारायला लॉबिस्ट इयन ग्रीअर यांच्यामार्फत नील हॅमिल्टन आणि टिम स्मिथ या हुजूर पक्षाच्या खासदारांना पैसे मिळाले. दर प्रश्नाला २,००० पौंड असा आरोप होता. दोघांनाही मंत्रिपद सोडावे लागले. २५ ऑक्टोबरला पंतप्रधान जॉन मेजर यांनी लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक जीवनातील आचरणासाठी समिती जाहीर केली. १९९५च्या पहिल्या अहवालात तिने निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व ही सात तत्त्वे मांडली. पैसे घेऊन संसदेत बाजू मांडण्यावर बंदी आली आणि खासदारांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारे आयुक्तपद तयार झाले. पैसे घेऊन ‘सल्ला’ देणे मात्र चालूच राहिले.

इथे आपल्याकडची आठवण काढायला हरकत नाही. १९५१मध्ये एच. जी. मुद्गल या खासदारांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन सराफांच्या बाजूने प्रश्न विचारल्याचे निघाले, तेव्हा खुद्द नेहरूंनी प्रस्ताव मांडून त्यांची चौकशी लावली आणि प्रकरण हकालपट्टीच्या ठरावापर्यंत नेले. लंडन त्यानंतर चाळीस वर्षांनी जागे झाले.

२०१० साली माजी मंत्री स्टीफन बायर्स छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलून गेले की आपण भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीसारखे आहोत. त्याच्या महिनाभर आधी विरोधी पक्षनेते कॅमेरॉन यांनी इशारा दिला होता की पुढचा मोठा घोटाळा लॉबिंगचाच असेल. तरी कायदा व्हायला जानेवारी २०१४ उजाडले आणि त्याची आखणी फारच आखूड झाली. नोंदणी लागू व्हायला सगळ्या अटी एकाच वेळी जुळाव्या लागतात: काम दुसऱ्यासाठी केलेले हवे, त्याचे पैसे मिळालेले हवेत, संपर्क स्वतः साधलेला हवा, समोर मंत्री किंवा स्थायी सचिव हवा आणि करणारा व्हॅटसाठी नोंदलेला हवा. मंत्र्याचा विशेष सल्लागार यात येत नाही, आणि अनुभवी लॉबिस्ट बहुतेक वेळा गाठतो तो त्यालाच. खात्यातला मधल्या फळीचा अधिकारीही येत नाही, मसुदा लिहितो तो हाच. नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीला फक्त ग्राहकाचे नाव द्यावे लागते. कोणत्या मंत्र्याशी, कशाबद्दल बोलणे झाले हे लिहावे लागत नाही. नियमभंगाचा दिवाणी दंड जास्तीत जास्त ७,५०० पौंड.

विधेयकावर चर्चा चालू असताना याच व्यवसायाच्या संघटनेने खासदारांपुढे एक आकडा ठेवला होता. २०१२मध्ये उद्योगखात्याच्या मंत्र्यांच्या ९८८ बैठका झाल्या, त्यांपैकी सल्लागार लॉबिस्टांबरोबरच्या फक्त दोन. बाकीच्यांत कंपन्यांची स्वतःची माणसे होती. नोंदवही उघडली ती त्या दोनांसाठी, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

स्कॉटलंडने २०१८पासून कंपन्यांच्या नोकरदार लॉबिस्टांनाही नोंदवहीत घेतले, पण मोजले ते फक्त समोरासमोरचे किंवा व्हिडिओवरचे बोलणे. फोन आणि ईमेल मोकळे. आयर्लंडच्या २०१५च्या कायद्यात नोकरदारही येतात आणि विषयही लिहावा लागतो. नमुना शेजारीच असताना वेस्टमिन्स्टरने, म्हणजे ब्रिटिश संसदेने, नंतरही तो घेतला नाही, हे विसरून गेले असे मानायला जागा नाही.

कायदा नाही तिथे व्यवसायाची संघटना काय करू शकते, हे बेल पॉटिंजरने दाखवले. मार्गारेट थॅचर यांची प्रचारमोहीम सांभाळलेले टिम बेल या कंपनीचे सहसंस्थापक. २०१६पासून कंपनी दक्षिण आफ्रिकेत गुप्ता बंधूंच्या ओकबे समूहासाठी काम करत होती, मोबदला महिन्याला १ लाख पौंड. मूळचे सहारनपूरचे हे बंधू राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या गोटातले. मोहिमेचा रोख ‘गोऱ्या मक्तेदार भांडवला’वर होता. तिथल्या विरोधी पक्षाने पीआरसीएकडे तक्रार केली आणि वांशिक तेढ वाढवू शकणारी ही मोहीम संहितेविरुद्ध ठरवून संघटनेने ४ सप्टेंबर २०१७ रोजी कंपनीला काढून टाकले. त्यानंतरही धंदा चालवायला कायद्याची आडकाठी नव्हती. बुडवले ते ग्राहकांनी. एचएसबीसीसारखी नावे सोडून गेली आणि १२ सप्टेंबरला कंपनी दिवाळखोरी प्रशासकांच्या ताब्यात गेली.

१९९५मध्ये मोकळी राहिलेली सल्ल्याची वाट २०२१मध्ये हुजूर पक्षाचे खासदार ओवेन पॅटरसन यांच्यामुळे चर्चेत आली. रॅनडॉक्स ही प्रयोगशाळा-कंपनी त्यांना महिन्याला ८,३३३ पौंड देत होती. रॅनडॉक्स आणि आणखी एका ग्राहकासाठी त्यांनी अन्नसुरक्षा यंत्रणा आणि परदेशी मदतखात्याशी एकूण १४ वेळा संपर्क साधल्याचे खासदारांच्या वर्तनावर देखरेख ठेवणाऱ्या आयुक्तांनी दाखवले. शिक्षा सुचवली गेली ३० दिवसांच्या निलंबनाची. सरकारने ३ नोव्हेंबरला २५० विरुद्ध २३२ मतांनी ती रोखली आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. पॅटरसन यांनी राजीनामा दिला आणि नॉर्थ श्रॉपशरचा हुजूर पक्षाचा बालेकिल्ला पोटनिवडणुकीत लिबरल डेमोक्रॅट्सकडे गेला. मार्च २०२३पासून खासदारांच्या सशुल्क संसदीय सल्लागारीवर बंदी आली. त्याच वर्षी इप्सॉस या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत राजकारणी खरे बोलतात असे मानणारे लोक ९ टक्के निघाले, १९८३पासूनचा नीचांक.

१ जुलै २०२५पासून परकीय प्रभावाची वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. परदेशी सरकारच्या सांगण्यावरून ब्रिटनमध्ये राजकीय प्रभाव टाकायचा असेल, तर करार झाल्यापासून २८ दिवसांत नोंदवावे लागते. खाजगी उद्योगसमूहासाठी परदेशात चालवलेली मोहीम तिच्याही कक्षेत येत नाही. म्हणजे ओकबेसारखे काम आज कुणी घेतले, तरी दोन्हींपैकी एकाही वहीत त्याचे नाव दिसणार नाही.